परसातील टोमॅटो आणि खताचा विवेक

महाराष्ट्रात मुरूड ह्या नावाची गावे एकाहून अधिक आहेत. एक रायगड जिल्ह्यातील, जंजिऱ्याच्या किल्ल्याजवळचे; दुसरे दापोलीनजीकचे, जेथे महर्षी धोंडो केशव कर्वे ह्यांचे बालपण गेले; आणि तिसरे मराठवाड्यातील, लातूरहून बार्शीकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे. नाव एक असले तरी ह्या गावांची माती एक नाही. कोकणात जांभ्या दगडाची तांबडी माती. तीवर पावसाळ्याच्या चार महिन्यांत पाऊस असा कोसळतो की, मातीतील चुन्याचा अंश धुपून समुद्रास मिळतो व माती आंबट होते. मराठवाड्यातील मुरूडची माती काळीभोर. पावसात ती पायाला चिकटते, उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि जरा खोल खणले की चुनखडीचे पांढरे खडे हाती लागतात. पाऊस सरासरीने आठशे मिलिमीटरच्या आतबाहेर, आणि तोही लहरी. कोकणातली माती चुन्याला भुकेलेली, तर इकडच्या मातीला चुना नको इतका झालेला. तेव्हा घरच्या टोमॅटोला खत कोणते घालावे, शेणाचे की कारखान्याचे, ह्या प्रश्नाचे उत्तर देण्याआधी कोणत्या मुरूडचा टोमॅटो, असा उलट प्रश्न विचारणे भाग आहे. येथे विचार करावयाचा आहे तो लातूरजवळच्या मुरूडचा, आणि ओघानेच मराठवाड्यातील काळ्या मातीच्या सर्व परसांचा.

पावसाळा सरून हवेत गारवा येऊ लागला की, अशा गावांतून घरोघरी टोमॅटोची रोपे येतात. कोणी बाजारातून जुडी आणतो, कोणी गादीवाफ्यावर स्वतः बी टाकलेले असते. न्हाणीघरामागच्या चार हात जागेत वाफा तयार होतो, आणि तेथेच घरातला वाद सुरू होतो. वडीलधाऱ्यांचे म्हणणे असे की, उकिरड्यातले कुजलेले शेणखत पाटीभर घातले म्हणजे झाले. पोत्यातल्या खताने जमीन जळते आणि फळाला चव राहत नाही. घरातला शिकलेला तरुण म्हणतो की, शेणखतात असते ते काय? शंभर किलो खतात नत्र जेमतेम अर्धा किलो. त्यापेक्षा मूठभर युरिया टाकला तर रोप आठ दिवसांत हिरवेगार होते. घरातल्या सुनेला ह्या वादात रस नसतो. तिला एवढेच हवे असते की, लहान मुलाने झाडावरचा पिकलेला टोमॅटो तोडून तसाच तोंडात घातला, तर तिच्या मनात धास्ती उमटू नये. ह्या तिघांपैकी कोणीही चुकीचा नाही. परंतु तिघेही तीन वेगळ्या गोष्टींविषयी बोलत असतात. वडील बोलतात ते मातीविषयी, तरुण बोलतो तो रोपाविषयी आणि सून बोलते ती फळाविषयी. ह्या तीन गोष्टींची गल्लत झाली की वाद कधी मिटत नाही.

प्रथम रोपाची बाजू पाहावी. झाड अन्न खाते म्हणजे काय करते, ह्याचा उलगडा एकोणिसाव्या शतकात झाला. त्यापूर्वी विद्वानांचीही अशी समजूत होती की, मातीतला काळा कुजका अंश झाड जसाच्या तसा शोषून घेते. १८४० साली युस्टुस फॉन लीबिग ह्या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने आपल्या ग्रंथात ह्या समजुतीस धक्का दिला आणि झाडाचे पोषण खनिज द्रव्यांवर होते, हा विचार सर्वत्र प्रसृत केला. आज हे निश्चित ठाऊक आहे की, टोमॅटोचे मूळ नत्र घेते ते मुख्यत्वे नायट्रेट आणि अमोनियम ह्या दोन रूपांत, पाण्यात विरघळलेले. शेणातले नत्र जिवाणूंनी फोडून ह्याच रूपात आणावे लागते, आणि युरियाचे नत्रही मातीत गेल्यावर ह्याच रूपात येते. मुळाच्या दाराशी आलेला नायट्रेटचा कण गोठ्यातून आला की कारखान्यातून, हे मुळाला कळत नाही आणि कळण्याचे कारणही नाही. फ्रिट्झ हाबर ह्याने १९०९ मध्ये हवेतील नत्रापासून अमोनिया करून दाखविला, १९१३ मध्ये जर्मनीत त्याचा कारखाना चालू झाला, आणि भारतात सिंद्रीचा मोठा कारखाना १९५१ पासून खत देऊ लागला. ह्या सर्व उद्योगाचे मर्म एवढेच की, जे काम जिवाणू महिनोन्‌महिने करीत ते कारखान्याने आधीच करून पोत्यात भरून ठेवले. म्हणून युरियाचा परिणाम आठवड्यात दिसतो आणि शेणखताचा दिसण्यास हंगाम लागतो.

मग शेणखताची महती ती कोणती? तिचे उत्तर इंग्लंडमधील रॉथमस्टेड येथील एका शेताने दिले आहे. १८४३ च्या शरदऋतूत तेथे ब्रॉडबॉक नावाच्या शेतात गव्हाचा एक प्रयोग सुरू झाला आणि तो आजही चालू आहे. एका पट्टीस दरवर्षी शेणखत, दुसऱ्या पट्ट्यांस निरनिराळ्या प्रमाणात रासायनिक खते, आणि एका पट्टीस काहीच नाही. दीड शतकाहून अधिक काळाचा अनुभव असा की, योग्य प्रमाणात रासायनिक खत मिळालेल्या पट्ट्यांनी उत्पन्नाच्या बाबतीत शेणखताच्या पट्टीशी बरोबरी राखली. जमीन जळून ओसाड पडली नाही. परंतु शेणखताच्या पट्टीतील मातीत सेंद्रिय कर्बाचे प्रमाण इतरांच्या दुपटीहून अधिक झाले. म्हणजे पिकाच्या ताटात दोन्ही खतांनी वाढले ते सारखेच. पण घर बांधून दिले ते शेणखताने.

इंग्लंडच्या थंड व ओलसर हवेत ह्या घराची किंमत कदाचित तितकीशी जाणवणार नाही. मुरूडला ती पदोपदी जाणवते. काळी माती अतिशय बारीक कणांची. पाणी मिळाले की ती फुगते, तिच्यातील हवेच्या वाटा बंद होतात आणि टोमॅटोची मुळे गुदमरतात. पाणी तुटले की ती आकसते आणि भेगा पडताना कोवळी मुळे तोडते. त्या मातीत कुजलेला सेंद्रिय अंश मिसळला तर तिचे कण एकमेकांस धरून रवाळ होतात, जास्तीचे पाणी निचरून जाते आणि हवे तेवढे टिकून राहते. शेतकरी ज्यास वापसा म्हणतो ती स्थिती अशा मातीत अधिक दिवस टिकते. शिवाय चुनखडीच्या मातीत लोह आणि जस्त असूनही रोपास मिळत नाही. टोमॅटोचे कोवळे पान पिवळे पडून त्याच्या शिरा तेवढ्या हिरव्या दिसू लागल्या, म्हणजे ती लोहाची उपासमार समजावी. सेंद्रिय अंशाच्या सान्निध्यात ही द्रव्ये विरघळून मुळापर्यंत पोहोचतात. युरियाचे पोते ह्यातील एकही काम करीत नाही. तात्पर्य, मराठवाड्यात शेणखत घालावयाचे ते मुख्यतः नत्रासाठी नव्हे. ते मातीला माती म्हणून टिकविण्यासाठी.

ह्या विषयात मराठी माणसांचे स्वतःचे कर्तृत्वही आहे, आणि ते घरोघरी ठाऊक असावयास हवे. १९२४ ते १९३१ ह्या काळात होळकरांच्या इंदुरात सर आल्बर्ट हॉवर्ड ह्यांनी पालापाचोळा, शेण आणि मुतारीची माती ह्यांचे थर रचून तीन महिन्यांच्या सुमारास उत्तम खत करण्याची पद्धत बसविली. तीच पुढे इंदूर पद्धती म्हणून जगभर गेली. १९३१ साली त्या पद्धतीवर जो ग्रंथ प्रसिद्ध झाला, त्यावर हॉवर्ड ह्यांच्या जोडीला यशवंत वाड ह्यांचे नाव आहे. सेंद्रिय शेतीचा इतिहास सांगताना हॉवर्ड ह्यांचा उल्लेख सर्वत्र होतो. वाड ह्यांचे नाव मात्र क्वचितच कोणाच्या ओठी येते.

दुसरे उदाहरण मराठवाड्याच्या शेजारचे. यवतमाळ जिल्ह्यातील पुसद येथील ना. दे. पांढरीपांडे ह्यांनी खताची जी पद्धत तयार केली, ती त्यांच्याच नावाच्या आद्याक्षरांवरून नाडेप म्हणून ओळखली जाते. जमिनीवर विटांचा हौद बांधावयाचा, दहा फूट लांब, सहा फूट रुंद आणि तीन फूट उंच. भिंतींत हवेसाठी जागोजाग भोके ठेवावयाची. त्यात काडीकचऱ्याचा थर, त्यावर शेणाचे पाणी, त्यावर चाळलेली कोरडी माती, असे थर एक-दोन दिवसांत भरून वरून शेणमातीने लिंपावयाचे. तीन-चार महिन्यांत खत तयार. ह्या पद्धतीतील खरी खुबी अशी की, हौदात दीड हजार किलोच्या आसपास काडीकचरा जातो, पण शेण लागते ते केवळ शंभर किलो. पूर्वी बैलांच्या दावणी भरलेल्या असताना शेणाची वाण नव्हती. आता नांगरट ट्रॅक्टरने होते, जनावरे कमी झाली, आणि जे शेण मिळते त्यातील काही गोवऱ्या होऊन चुलीत जाते. अशा दिवसांत थोड्या शेणात पुष्कळ खत ही गोष्ट फार मोलाची आहे. घरच्या परसात एवढा मोठा हौद नको. त्याच तत्त्वावर भोके पाडलेले एखादे जुने पिंप पुरते. भाजीची देठे, फळांच्या साली, चहाचा चोथा, झाडलोटीतील पाने, मधूनमधून मूठभर माती आणि शेणाचा सडा, एवढ्या सामग्रीवर एका कुटुंबाच्या टोमॅटोचे खत घरच्या घरी होते.

शेणखताची ही थोरवी मान्य केली, तरी त्याचेही दोष आहेत आणि ते झाकण्यात अर्थ नाही. पहिला दोष उतावळेपणाचा, आणि तो खतापेक्षा माणसाचा अधिक. ताजे किंवा अर्धवट कुजलेले शेण रोपांना घातले तर ते कुजताना उष्णता निर्माण होते, तणाचे बी उगवते, हुमणीच्या अळ्या आणि वाळवी येते. त्याहून गंभीर गोष्ट ही की, ताज्या शेणात पोटाचे विकार करणारे जंतू असू शकतात. टोमॅटो हे कच्चे खाल्ले जाणारे फळ. आधार न दिलेल्या झाडाची फळे जमिनीला टेकतात. ज्या पिकाचे फळ मातीला लागते त्यास कच्चे शेण घातल्यानंतर काढणीपर्यंत किमान १२० दिवस जाऊ द्यावेत, असा नियम अमेरिकेच्या सेंद्रिय शेतीच्या कायद्यातच आहे. शेण, गोमूत्र, गूळ आणि डाळीचे पीठ ह्यांचे जीवामृत पुष्कळ लोक करतात. तेही मातीत ओतावे, फळांवर शिंपडू नये. सेंद्रिय म्हणजे आपोआप निर्धोक, असे समीकरण मांडता येत नाही.

दुसरा दोष असा की, सेंद्रिय म्हणून जे जे सांगितले जाते ते सर्वच मराठवाड्याच्या मातीला मानवत नाही. चुलीची राख, अंड्याची टरफले आणि हाडांचा चुरा ही तिन्ही पुस्तकांतून वारंवार शिफारस केली जाणारी द्रव्ये होत. आंबट मातीत ती गुणकारी ठरतात. कोकणातल्या मुरूडला राख जरूर घालावी. परंतु राख मुळात अल्कधर्मी. चुनखडीच्या काळ्या मातीत ती घालणे म्हणजे खारट आमटीत पुन्हा मीठ टाकणे. अंड्याची टरफले हा चुनाच. आणि ज्या मातीत चुन्याचे खडे आधीच आहेत, तेथे तो विरघळतही नाही. हाडांच्या चुऱ्यातील स्फुरद सुटण्यास मातीत आंबटपणा लागतो. तो येथे नसल्यामुळे ते वर्षानुवर्षे तसेच पडून राहते. दुसऱ्या प्रदेशातला उपाय डोळे मिटून उचलला म्हणजे असा व्यर्थ खर्च होतो.

आता कारखान्याच्या खताचे दोष. ह्यांचे मूळ बहुतेक वेळा मापात असते. युरियाच्या पोत्याचे वजन आज ४५ किलो आहे, आणि सरकारी अनुदानामुळे ते इतर खतांच्या मानाने फार स्वस्त पडते. परसातल्या वाफ्यास त्यातील काही ग्रॅम पुरेत. पण शेतातून आणलेल्या पोत्यात हात घातला म्हणजे मूठ भरूनच बाहेर येते. नत्र जास्त झालेला टोमॅटो दिसावयास मोठा देखणा असतो: पाने गडद हिरवी, फांद्या रसरशीत, झाड माणसाच्या कमरेएवढे. फक्त फुले कमी, असलेली गळतात, आणि कोवळ्या पाल्यावर मावा व पांढरी माशी ह्यांची वस्ती होते. मग किडीसाठी औषध आणावे लागते. घरातल्या सुनेची जी धास्ती वर सांगितली, तिचे खरे स्थान येथे आहे. विषारी असते ते औषध, खत नव्हे. फवारणीनंतर सांगितलेले दिवस न पाळता तोडलेले फळ घातक ठरू शकते. प्रमाणात दिलेल्या युरियाने फळ विषारी होत नाही. परंतु खताचा अतिरेक हाच पुष्कळदा औषधाला घरात बोलावून आणतो, एवढा त्या धास्तीत तथ्यांश आहे.

युरियाविषयी आणखी एक गोष्ट काळ्या मातीत विशेष लागू पडते. तो मातीवर उघडा टाकला तर त्याचा अमोनिया होऊन नत्राचा मोठा भाग हवेत उडून जातो. माती जितकी अल्कधर्मी आणि ऊन जितके कडक, तितका हा नाश अधिक. तेव्हा युरिया झाडाभोवतीच्या आळ्यात, बुंध्यापासून वीतभर अंतरावर टाकून लगेच मातीने झाकावा आणि पाणी द्यावे. २०१५ पासून देशातील युरियाला निंबोळीच्या तेलाचे वेष्टण देतात, त्यामुळे तो मातीत थोडा सावकाश फुटतो. पण झाकण्याचे काम त्याने वाचत नाही.

हे सर्व तत्त्वाचे झाले. प्रत्यक्ष वाफ्यापाशी गेल्यावर माप हवे. बारा रोपांचा एक वाफा धरावा. दोन रोपांत दीड फूट आणि दोन ओळींत दोन फूट अंतर ठेवले तर जागा लागते छत्तीस चौरस फूट, म्हणजे सव्वातीन चौरस मीटरहून किंचित अधिक. टोमॅटोच्या सुधारित वाणांना हेक्टरी २०० किलो नत्र, १०० किलो स्फुरद आणि १०० किलो पालाश, शिवाय सुमारे २० टन शेणखत, हे प्रमाण महाराष्ट्रात रूढ आहे. त्याचा हिशेब ह्या वाफ्यापुरता केला तर शेणखत सात किलो आणि नत्र सुमारे सहासष्ट ग्रॅम येते. सबंध नत्र युरियातून द्यावयाचे म्हटले तर तो लागेल १४५ ग्रॅम, एका वाटीएवढा. संपूर्ण हंगामासाठी, तोही हप्त्याहप्त्याने. ह्यावरून एका मुठीत किती खत जाते आणि अतिरेक किती सहज होतो, हे ध्यानी येईल.

मुरूडच्या मातीस जुळणारी मधली वाट अशी आहे. लागणीपूर्वी पंधरा दिवस सात किलो पूर्ण कुजलेले, काळे, मातीचा वास येणारे शेणखत किंवा कंपोस्ट वाफ्यात मिसळावे. लागणीच्या वेळी नत्राचा निम्मा वाटा निंबोळी पेंडीतून द्यावा. पेंडीत नत्र सुमारे पाच टक्के असल्यामुळे साडेसहाशे ते सातशे ग्रॅम पेंड पुरते, आणि ती सावकाश फुटून दीड-दोन महिने रोपास पोसत राहते. स्फुरदाचा प्रश्न ह्या मातीत नाजूक आहे, कारण चुना ते बांधून टाकतो. म्हणून दोनशे ग्रॅम सिंगल सुपर फॉस्फेट वाफाभर न उधळता, शेणखतात कालवून रोपाच्या खड्ड्यातच घालावे. काळ्या मातीत पालाश बहुधा मुबलक असते; मातीची तपासणी करून कमतरता दिसली तरच पन्नास ग्रॅम म्युरेट ऑफ पोटॅश द्यावे. उरलेले निम्मे नत्र म्हणजे सत्तर-बहात्तर ग्रॅम युरिया. त्याचे तीन हप्ते करावेत: पहिला लागणीनंतर तीन आठवड्यांनी, दुसरा फुले येताना, तिसरा पहिल्या तोडणीनंतर. दर हप्त्यास एका रोपाच्या वाट्याला दोन ग्रॅम येतात, म्हणजे चहाचा अर्धा चमचा. ह्या हिशेबाने युरियाचे एक पोते अशा सहाशेहून अधिक वाफ्यांना पुरेल. परसासाठी पोते विकत घेण्याचे कारणच नाही. शेती असलेल्या नातलगाकडून डबाभर आणला तरी वर्षाची बेगमी होते.

ज्या घरात कारखान्याचे खत मुळीच नको असे ठरले असेल, त्यांनी युरियाचे तीन हप्ते वगळून पेंड दुप्पट करावी आणि तिचा दुसरा भाग फुलांच्या आधी दोन आठवडे मातीत मिसळावा. आधी अशासाठी की, ती फुटण्यास वेळ लागतो. उत्पन्न थोडे उशिरा येईल, पहिल्या वर्षी कदाचित थोडे कमीही येईल. परंतु दरवर्षी शेणखत पडत गेले की ही तूट कमी होत जाते. गच्चीवरील कुंडीत मात्र गणित बदलते. कुंडीतली नुसती काळी माती दगडासारखी घट्ट होते. तिच्यात एक तृतीयांश कंपोस्ट आणि थोडी वाळू किंवा भुसा हवाच. तेथे मातीचा साठा लहान असल्यामुळे रासायनिक खताचे क्षार लवकर साचतात, आणि बोअरचे जड पाणी त्यात भर घालते. विद्राव्य खत द्यावयाचे तर एका लिटर पाण्यात दोन ग्रॅमहून अधिक नको, आणि अधूनमधून कुंडीच्या तळातून पाणी वाहून जाईल इतके साधे पाणी घालावे.

खताचा हा सारा विचार ज्या एका गोष्टीवर उभा आहे, ती म्हणजे पाणी. कित्येकदा टोमॅटो चांगला पोसतो, पिकू लागतो आणि देठाच्या विरुद्ध बाजूस काळा, चामड्यासारखा खोलगट डाग पडतो. माणसे म्हणतात, खत कमी पडले. आणि आणखी खत घालतात. वास्तविक तो डाग फळाच्या टोकाला चुना न पोहोचल्याचा असतो. आता मुरूडच्या मातीत चुन्याची काय वाण? मातीत चुना ढीगभर आहे. पण तो फळापर्यंत वाहून नेणारे पाणी आज तुडुंब, उद्या ठणठणाट, असे झाले की चुना वाटेतच अडतो. नत्राचा, विशेषतः अमोनियाच्या रूपातील नत्राचा, मारा त्यात भरच घालतो. ह्या रोगावर गोठ्यातले खतही औषध नव्हे आणि कारखान्याचेही नव्हे. त्यावर औषध म्हणजे थोडे थोडे पण नेमाने मिळणारे पाणी.

हे नेम सांभाळणे लातूर जिल्ह्यात किती कठीण, ते २०१६ सालाने साऱ्या देशास दाखविले. मांजरा धरण कोरडे पडले आणि लातूर शहराला पिण्याचे पाणी मिरजेहून आगगाडीने आणावे लागले. १२ एप्रिल २०१६ रोजी पहिली गाडी आली, तेव्हा तिच्या दहा टाक्यांत पाच लाख लिटर पाणी होते. माणसांच्या घशाचा प्रश्न असताना परसातल्या टोमॅटोकडे कोण पाहणार? अशा प्रदेशात बाग जगते ती सांडपाण्यावर. आणि तेथेही निवड आहे. तांदूळ, डाळी व भाज्या धुतलेले पाणी निःशंक वाफ्यात सोडावे. साबणाचे, सोड्याचे पाणी मात्र सोडू नये. त्यातील सोडियमने काळ्या मातीचे कण विस्कटतात आणि ती चिखल होऊन बसते. एक पाटी शेणखताने जे कमावले ते बादलीभर साबणाच्या पाण्याने गमावले जाते. वाफ्यावर सोयाबीनचे भुसकट किंवा उसाचे पाचट ह्यांचे चार बोटे जाड आच्छादन घातले तर ऊन थेट मातीवर पडत नाही, भेगा पडत नाहीत, आणि दिलेले पाणी कितीतरी अधिक दिवस पुरते. लातूर जिल्ह्यात ह्या दोन्ही वस्तूंना तोटा नाही. पुढच्या वर्षी तेच आच्छादन कुजून खत होते. पाणी आणि खत हे प्रश्न मुळात दोन नाहीत. काळ्या मातीत तरी सेंद्रिय खत म्हणजे साठविलेले पाणीच होय.

ज्यास आपल्या परसाचा नेमका अंदाज घ्यावयाचा असेल, त्याने मातीचा नमुना तपासून घ्यावा. परभणीचे कृषी विद्यापीठ १९७२ पासून मराठवाड्याच्या मातीचे संशोधन करीत आहे. कृषी विज्ञान केंद्रे आहेत. मृद आरोग्य पत्रिकेची योजना २०१५ पासून चालू आहे. शेतासाठी जशी तपासणी करावयाची तशीच परसासाठी करता येते. डोळ्यांना काळीभोर दिसणारी माती भरलेली असेलच असे नाही. तिच्या रंगाचा आणि तिच्यातील सेंद्रिय कर्बाचा संबंध पुष्कळांना वाटतो तितका सरळ नाही.

आता त्या घरातील वादाकडे पुन्हा वळावे. वडीलधाऱ्यांच्या शेणखतावाचून मुरूडच्या मातीत वाफा उभा राहत नाही, हे खरे. भुकेच्या ऐन वेळी रोपाला दिलेला तरुणाचा चमचाभर युरिया पाप नाही, हेही खरे; तो मूठभर झाला म्हणजे चुकले. आणि फळ निर्धोक असावे हा सुनेचा आग्रह तर सर्वांत रास्त. फक्त त्याचा रोख खताच्या नावाकडे नसून कच्च्या शेणाकडे आणि फवाऱ्याच्या पिचकारीकडे असावयास हवा. शेणखत मातीचे, रासायनिक खत रोपाचे आणि पाणी दोहोंचे. जेथे एकच काही परवडेल तेथे मातीची बाजू आधी घ्यावी. कारण रोप चार-पाच महिन्यांचे सोबती, माती नातवंडांपर्यंत पोहोचावयाची असते. इतके सांभाळले म्हणजे माघ महिन्याच्या एखाद्या सकाळी त्या वाफ्यातला लालबुंद टोमॅटो लहान मुलाने तोडून सदऱ्याला पुसला आणि तसाच खाल्ला, तर आजोबा, वडील आणि आई ह्यांपैकी कोणीही त्याला हाक मारून थांबविण्याचे कारण उरणार नाही. फार तर आई म्हणेल, धुऊन खा. आणि ते मात्र त्याने ऐकावे.